लसूणघासाची रोपे माव्यापुढे टिकतात का? रोपावस्थेतील चाचणीची रीत

बियाण्याच्या पिशवीवर 'माव्याला प्रतिकारक' असे छापले असले, तरी पिशवीतले प्रत्येक बी या रस शोषणाऱ्या किडीला पुरून उरेल असा त्याचा अर्थ नसतो. लसूणघास हे परपरागी (दुसऱ्या रोपाच्या परागाने बी धरणारे) आणि चतुर्गुणित (पेशीत गुणसूत्रांचे चार संच असलेले) पीक आहे. एकाच वाणातली दोन रोपे भावंडे असतात, पण जुळी नसतात. म्हणून या पिकात 'वाण प्रतिकारक आहे का' असे विचारून भागत नाही. शंभरातली किती रोपे प्रतिकारक, हे विचारावे लागते. उत्तर अमेरिकेत रूढ असलेली वर्गवारीही याच टक्क्यांवर बेतलेली आहे: ५ टक्क्यांपर्यंत रोपे प्रतिकारक असतील तर वाण बळी पडणारा, ६ ते १४ टक्के अल्प प्रतिकारक, १५ ते ३० मध्यम, ३१ ते ५० प्रतिकारक आणि ५० टक्क्यांच्या वर उच्च प्रतिकारक. म्हणजे 'उच्च प्रतिकारक' वाणातलीही जवळपास निम्मी रोपे माव्याने मेली, तरी पिशवीवरचा मजकूर खोटा ठरत नाही.

ही टक्केवारी काढण्याचा स्वस्त आणि जलद मार्ग म्हणजे रोपावस्थेतली ट्रे-चाचणी. ट्रेमध्ये रोपे उगवायची, त्यांवर मावा सोडायचा, बळी पडणारी रोपे मरेपर्यंत थांबायचे आणि उरलेली मोजायची. ऐकायला सोपे वाटते. खोच अशी की उरलेले प्रत्येक रोप प्रतिकारक नसते. एखाद्यावर मावा पोचलेलाच नसतो, एखादे शेजाऱ्याच्या आडोशाने वाचलेले असते. पुढची सगळी काळजी या फसव्या वाचलेल्यांना गाळण्यासाठी आहे.

आधी मावा ओळखा

लसूणघासावर मुख्यतः चार प्रकारचे मावे येतात. एकाला प्रतिकारक असलेला वाण दुसऱ्यापुढे हमखास उभा राहील असे नाही. मिसळलेला मावा वापरून केलेली चाचणी म्हणजे कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नव्हे.

वाटाण्यावरचा मावा आकाराने मोठा असतो, प्रौढ साधारण ३ ते ४ मिमी. रंग हिरवा, कधी गुलाबी. निळा मावा त्याच्यासारखाच दिसतो, पण थोडा लहान आणि निळसर हिरवा. रंगावर विसंबू नका, भिंगाखाली शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पाहा. वाटाण्यावरच्या माव्याच्या शृंगिकेवर प्रत्येक सांध्यापाशी गडद पट्टा असतो. निळ्या माव्याची शृंगिका टोकाकडे हळूहळू गडद होत जाते, तुटक पट्टे नसतात. ठिपकेदार मावा जेमतेम २ मिमी, फिकट पिवळसर, पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. चौथा चवळीवरचा काळा मावा: चकचकीत काळे प्रौढ, पांढुरके पाय. तो ओळखायला भिंगही लागत नाही.

जातीप्रमाणे नुकसानीची तऱ्हा बदलते. ठिपकेदार माव्याची लाळ विषारी असते. त्याने पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि कोवळे रोप झपाट्याने मरते. निळ्या माव्याच्या लाळेनेही रोपे खुजी, आखडलेली राहतात. वाटाण्यावरच्या माव्याचा मारा मुख्यतः रस शोषण्याचा, म्हणून त्याच्या चाचणीत रोपे मरायला जास्त दिवस लागतात.

तापमानही जातीनुसार ठरवा. वाटाण्यावरच्या माव्यासाठी २० अंश सेल्सिअसच्या आसपास, निळ्यासाठी १६ ते २०, ठिपकेदारासाठी २४ ते २७. हा आकडा नुसता माव्याच्या सोयीसाठी नाही. प्रतिकारशक्ती तापमानावर हलते. ठिपकेदार माव्याला २५ अंशांवर दाद न देणारी काही रोपे थंडीत त्याला बळी पडतात. म्हणून तापमान न नोंदलेला निकाल दुसऱ्या कुठल्याही निकालाशी ताडता येत नाही.

माव्याची वसाहत

चाचणीच्या दीड-दोन महिने आधी कामाला लागा. शेतातून आणलेल्या माव्यासोबत परोपजीवी गांधीलमाशीची अंडी, बुरशी आणि इतर जातींचे मावेही येतात. शुद्धीकरणाची सोपी युक्ती माव्याच्या जन्मातच आहे. माव्याची मादी नराविना थेट पिले घालते, आणि आईच्या पोटातली परोपजीवी अळी पिलांत उतरत नाही. एकेक प्रौढ मादी वेगळ्या रोपावर ठेवा, एका रात्रीत तिने घातलेली पिले ओल्या बारीक ब्रशने दुसऱ्या स्वच्छ रोपावर हलवा आणि आई टाकून द्या. ही पिले दहा-बारा दिवस स्वतंत्र ठेवा. या काळात एखादा मावा फुगून तपकिरी, कागदी कवचासारखा झाला, तर तो परोपजीवीने मारलेला 'ममी' आहे. ती सगळी कुंडी टाकून द्या. फक्त ममी वेचून वसाहत वाचवण्याचा मोह महागात पडतो.

एकाच मादीपासून वाढवलेली वसाहत घ्यावी की अनेक ठिकाणच्या माव्यांचे मिश्रण? दोन्हींत तोटे आहेत. एका मादीचा वंश एकसारखा असतो, त्यामुळे चाचणी पुन्हा केली तर निकाल जुळतो. पण शेतातला मावा एकजिनसी नसतो. चाळणी लावताना एक ओळखीचा वंश वापरावा आणि निवडलेल्या रोपांची अखेरची परीक्षा तीन-चार ठिकाणच्या वंशांवर, प्रत्येकाची वेगळी, घ्यावी. या वंशभेदाचे महत्त्व जुनेच आहे. ठिपकेदार मावा अमेरिकेत १९५४ मध्ये न्यू मेक्सिकोत आढळला, १९५७ मध्ये त्याला प्रतिकारक 'मोआपा' हा वाण आला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रतिकारक रोपांवरही जगणारे माव्याचे प्रकार दिसू लागले.

वसाहत बळी पडणाऱ्या लसूणघासावरच वाढवा. वाटाण्यावरचा मावा बाकल्याच्या रोपांवर भराभर वाढतो म्हणून अनेकांना तो मार्ग सोयीचा वाटतो, पण या जातीत ठराविक पिकाला सरावलेले प्रकार असतात. बाकल्यावर पोसलेला मावा थेट लसूणघासावर सोडला तर पहिले काही दिवस तो नीट खातच नाही आणि सगळेच वाण प्रतिकारक भासतात. बाकला वापरलाच, तर चाचणीआधी किमान दोन पिढ्या लसूणघासावर काढा. प्रतिकारक वाणावर वसाहत कधीच पोसू नका. तिथे त्याच वाणाला पचवणारा मावा तुम्ही स्वतःच निवडत बसाल.

दिवसाला १६ तास उजेड ठेवा. दिवस लहान आणि हवा थंड झाली की काही वंश नर आणि अंडी घालणाऱ्या माद्यांकडे वळतात, आणि पिलांचा ओघ आटतो. गर्दी झाली की पंखी मावे निघतात. ते चाचणीत नकोत: उडून भलतीकडे बसतात आणि पिलेही कमी घालतात. आठवड्यातून दोनदा ताजी रोपे द्या.

बी, माध्यम, ट्रे

बियाणे कीडनाशकाची बीजप्रक्रिया न केलेले असावे. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावलेल्या बियांची रोपे काही आठवडे मावा मारत राहतात. अशा चाचणीत प्रतिकारशक्ती रोपाची नसते, औषधाची असते. रंगीत लेप दिसला तर पुरवठादाराकडून विनालेप नमुना मागवा. लेप धुऊन बी वापरू नका, औषध पूर्ण जात नाही.

लसूणघासात कठीण कवचाच्या बिया थोड्याफार असतातच. त्या उशिरा उगवतात आणि मावा सोडताना बीजपत्रावरच असतात, तोवर बाकीची रोपे पानावर आलेली असतात. बारीक सँडपेपरच्या दोन तुकड्यांमध्ये बी दहा-पंधरा सेकंद हलके चोळले की उगवण एकसारखी होते. जोर लावू नका. बी दुभंगले तर रोप अपंग उगवते.

माध्यम निर्जंतुक असावे: व्हर्मिक्युलाइट आणि कोकोपीट समप्रमाणात, किंवा धुतलेली बारीक वाळू मिसळलेले कोकोपीट. कोकोपीटमध्ये क्षार असतील तर आधी दोन-तीनदा धुवा. नत्र जास्त देऊ नका. नत्राने लुसलुशीत झालेल्या रोपावर मावा अधिक वेगाने वाढतो आणि वाणांतला फरक पुसला जातो. पातळ केलेले संतुलित खत एकदा, पहिले खरे पान दिसल्यावर, एवढे पुरते.

मांडणीचा एक नमुना असा. ट्रे साधारण ५० × ३५ सेमी, खोली ७-८ सेमी. आडव्या ११ ओळी, दोन ओळींत ४ सेमी. दोन्ही कडांच्या ओळी बळी पडणाऱ्या वाणाच्या. त्या मोजायच्या नाहीत, कारण कडेला माध्यम लवकर सुकते आणि उजेडही वेगळा मिळतो. आतल्या नऊ ओळींत एक बळी पडणारा तुल्यवाण (तुलनेसाठी ठेवलेला, गुण माहीत असलेला वाण), एक प्रतिकारक तुल्यवाण आणि सात वाण तपासणीचे. प्रत्येक ओळीत ३५ बिया १ सेमी खोल पेरा आणि उगवणीनंतर विरळणी करून २५ रोपे ठेवा. असे पाच ट्रे मावा सोडण्यासाठी आणि सहावा तसाच, मावा न सोडता, वेगळ्या जाळीत. एका वाणाच्या २१० बिया लागतात, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास.

प्रत्येक ट्रेत ओळींचा क्रम चिठ्ठ्या टाकून बदला. हे कागदी सोपस्कार नव्हेत. बळी पडणारी ओळ सुकली की तिच्यावरचा उपाशी मावा शेजारच्या ओळीवर चालून जातो. तुमचा वाण पाचही ट्रेत अशा ओळीला खेटून असेल, तर शेजाराची शिक्षा त्यालाच होईल.

तुल्यवाणांवर काटकसर करू नका. जागा कमी पडली तर तपासायचा एखादा वाण गाळा, तुल्यवाण नको. बळी पडणारा वाण मावा पुरेसा होता का ते सांगतो, आणि प्रतिकारक वाण मावा किंवा उष्णता हाताबाहेर गेली नव्हती ना, ते.

मावा सोडणे

बीजपत्रे पूर्ण उघडून पहिले एकेरी पान पसरू लागले की मावा सोडायची वेळ झाली. २० अंशांवर हे पेरणीनंतर ७ ते १० दिवसांत येते. लसूणघासाचे पहिले पान एकदली असते, त्रिदल पाने त्यानंतर येतात. त्रिदलावर आलेली रोपे मावा जास्त सोसतात, म्हणून उशीर केला तर टक्केवारी फुगते.

रोपामागे ३ ते ४ मावे धरा. वरच्या मांडणीत ट्रेमध्ये २७५ रोपे, म्हणजे १,१०० मावे, आणि पाच ट्रेंना ५,५०० लागतील. एवढे एका वयाचे हवे असतील तर सुमारे २५० प्रौढ माद्या पाच दिवस स्वच्छ रोपांवर ठेवा आणि मग काढून घ्या. मादीमागे दिवसाला ५ पिले धरली तर ६,२५० होतात. थोडा साठा जास्तच असावा, हाताळताना काही मरतात.

मावा रोपावरून ओढून काढू नका. त्याची सुईसारखी सोंड पानात रुतलेली असते, ओढली की तुटते आणि तो मावा चाचणीत उपाशी मरतो. कुंडी पांढऱ्या कागदावर तिरकी धरून देठाला टिचक्या मारा किंवा पानांवर हलकी फुंकर घाला. वाटाण्यावरचा मावा धोका वाटताच स्वतःच सोंड काढून खाली पडतो. कागदावरची कात, माती आणि पंखी मावे वेगळे करा.

पाच हजार मावे मोजत बसायची गरज नाही. शंभर मावे मोजून संवेदनशील तराजूवर वजन करा, त्यावरून प्रत्येक ओळीच्या वाट्याचे वजन काढा आणि तेवढे ओळीभर सारखे शिंपा. संपूर्ण ट्रेवर एकदम उधळणे झटपट होते, पण त्यात ओळींचे वाटे असमान पडतात. शिंपण्याआधी माध्यमाचा वरचा थर कोरडा असावा. ओल्या कोकोपीटला चिकटलेली पिले रोपापर्यंत पोचत नाहीत.

२४ तासांनी प्रत्येक ओळीतली पाच रोपे भिंगाने पाहा. रिकामी रोपे दिसली तर त्या ओळीत नव्हे, संपूर्ण ट्रेमध्ये पुन्हा मावा सोडा. फक्त रिकाम्या ओळीवर मावा टाकणे चूक, कारण कदाचित त्या वाणाचा गुणच माव्याला न आवडण्याचा असेल. कोणत्या ओळी रिकाम्या होत्या ते मात्र लिहून ठेवा, पुढे कामाला येते.

मधले दिवस

पाणी खालून द्या: ट्रे उथळ परातीत ठेवून २० मिनिटांत वर काढा. झारीने वरून पाणी घातले की मावा धुऊन जातो आणि सगळेच वाण दिमाखात उभे राहतात. ट्रेवर मलमलीची किंवा ०.३ मिमीपेक्षा बारीक छिद्रांची जाळी लावा. मावा खाणारा ढालकिडा किंवा क्रायसोपाची एक अळी आत शिरली तर ट्रे दोन-तीन दिवसांत साफ होतो. खिडकीचा उजेड एका बाजूने येत असेल तर ट्रे रोज अर्धा फिरवा, नाहीतर मावा एकाच बाजूला गोळा होतो.

हवा फार दमट झाली तर दोन संकटे एकदम येतात. माव्यावर बुरशी चढते: मेलेले मावे पानाला चिकटून राहतात आणि त्यांच्याभोवती बारीक पिठूळ वलय दिसते. आणि रोपांना मर लागते. मरीने गेलेले रोप आणि माव्याने गेलेले रोप वेगळे ओळखायला हवे. मरीत मातीलगतची मान पाणचट, बारीक होते आणि रोप हिरवे असतानाच आडवे पडते. माव्याने मरणारे रोप आधी वरून कोमेजते, पिवळे पडते, पाने चिकट होतात आणि मान शेवटपर्यंत घट्ट राहते. मरीने गेलेली रोपे मोजणीतून वगळा, 'मेलेली' म्हणून धरू नका.

थांबायचे कधी, मोजायचे कसे

कॅलेंडर पाहून थांबू नका, बळी पडणाऱ्या तुल्यवाणाकडे पाहा. त्याची ९० टक्क्यांहून अधिक रोपे मेली की थांबा. ठिपकेदार माव्यात हे लवकर होते, वाटाण्यावरच्या माव्यात दोन आठवड्यांवर जाऊ शकते. तीन आठवडे झाले आणि तो वाण अजून हिरवा आहे, तर ती चाचणी रद्द समजा. त्यातून 'सगळे वाण चांगले' असा निष्कर्ष काढणे ही या कामातली सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. उलट, प्रतिकारक तुल्यवाणही झोपला असेल तर माव्याचा भार जास्त झाला किंवा तापमान चुकले.

थांबल्यावर लगेच मोजू नका. कीटकनाशक साबणाच्या पातळ द्रावणाने मावा मारा, दुसऱ्या दिवशी रोपे पाण्याने धुवा आणि ५ ते ७ दिवस वाट पाहा. पिवळी दिसणारी काही रोपे शेंड्यातून नवे पान काढतात, हिरवी दिसणारी काही जागीच वाळतात. नवी फूट दिसली तरच रोप जिवंत धरा.

आता गणित. समजा, एका वाणाची मावा न सोडलेल्या ट्रेत २५ पैकी २४, म्हणजे ९६ टक्के रोपे टिकली आणि मावा सोडलेल्या ट्रेंत ४८ टक्के. दुरुस्त केलेली टक्केवारी ४८ भागिले ९६, म्हणजे ५० टक्के. सहाव्या ट्रेचे काम हेच: आपल्या मरणाने मेलेली रोपे माव्याच्या खात्यात जाऊ न देणे.

या आकड्याची खात्री किती? पाच ट्रेंत मिळून १२५ रोपे मोजली असतील तर ५० टक्क्यांच्या आसपासचा निकाल ९ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो. २५ रोपांवरचा निकाल तर २० टक्के हलतो, म्हणजे तोच वाण 'मध्यम'पासून 'उच्च'पर्यंत कुठेही बसेल. ४७ आणि ५३ टक्क्यांच्या वाणांत पहिला-दुसरा क्रमांक लावणे निरर्थक आहे. ट्रेनिहाय आकडेही शेजारी लिहा. चार ट्रेंत ३० टक्के आणि पाचव्यात ८० असेल, तर सरासरी काढण्याआधी त्या पाचव्या ट्रेत ढालकिडा शोधा.

वाचलेल्यांची दुसरी परीक्षा

ट्रेमध्ये माव्याला निवड असते. नावडत्या रोपावरून तो शेजारी जातो आणि ते रोप प्रतिकारक ठरते, पण संपूर्ण शेत त्याच वाणाचे असेल तर जायला दुसरी जागाच नाही. प्रतिकाराचे तीन मार्ग आहेत: माव्याला रोप न आवडणे, रोपावर माव्याची वाढ खुंटणे, आणि मावा असूनही रोपाने तग धरणे. ट्रे-चाचणीत तिन्ही एकाच टोपलीत पडतात. त्या रिकाम्या ओळींची नोंद इथे उपयोगी पडते.

वाचलेली रोपे कुंड्यांत वाढवा. खोड पक्के झाले की एकेका पेराचे कलम कापून ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये लावा, दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. एका रोपाची चार-पाच कलमे म्हणजे तोच जीव पुन्हा पुन्हा तपासायची सोय.

प्रत्येक कलमावर छोट्या पिंजऱ्यात एकच नवजात पिलू बंद करा. जन्मापासून पहिले पिलू घालेपर्यंत किती दिवस गेले ते मोजा, आणि त्यानंतरच्या तेवढ्याच दिवसांत किती पिले झाली तेही. पिलांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन ०.७३८ ने गुणा आणि दिवसांनी भागा. मिळतो तो माव्याच्या वाढीचा दैनिक दर. समजा, बळी पडणाऱ्या कलमावर ८ दिवस आणि ६० पिले आली: दर ०.३८, म्हणजे मावा दोन दिवसांच्या आत दुप्पट. तपासणीच्या कलमावर १० दिवस आणि २० पिले: दर ०.२२, दुपटीला तीन दिवसांहून थोडे जास्त. हे रोप माव्याची वाढच रोखते. ०.३८ च्या आसपास दर असूनही ट्रेत वाचलेले रोप एक तर तग धरणारे आहे, किंवा नशिबाने सुटलेले. त्याच्या कलमांवर प्रत्येकी १० प्रौढ मावे बंद पिंजऱ्यात सोडा आणि बळी पडणाऱ्या वाणाची कलमे शेजारी ठेवा. पंधरा दिवसांनी कोणती कलमे उभी आहेत ते दिसेल.

नोंदवहीत निकालाशेजारी माव्याची जात, वंश कुठून आणि कधी आणला, कोणत्या रोपावर पोसला, तापमान, उजेडाचे तास, मावा सोडतानाची रोपाची अवस्था, रोपामागे मावे आणि दोन्ही तुल्यवाणांची टक्केवारी एवढे असू द्या. वापरलेले ट्रे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात तापवा आणि मगच रिकामे करा. उघड्या ट्रेवरचे पंखी मावे पुढच्या चाचणीच्या मावा न सोडलेल्या ट्रेवर जाऊन बसतात.